आव आणि आतड्यांचा बुळबुळीत तट

आमच्या गावांतून पोटाच्या दुखण्यांना नावे फार थोडी आहेत. शौचावाटे बुळबुळीत पदार्थ पडू लागला की घरातील वडील मंडळी आव झाली म्हणतात, त्यात रक्त दिसले तर रक्ती आव म्हणतात, आणि बहुधा विचार तेथेच थांबतो. हा बुळबुळीत पदार्थ म्हणजेच रोग, तो एकदाचा पडून गेला की पोट स्वच्छ होईल, अशी समजूतही आम्ही पुष्कळ ठिकाणी ऐकली आहे. वस्तुतः ज्याला पाहून आपण नाक मुरडतो तो पदार्थ म्हणजे निरोगी आतड्याचा तट होय. तो शौचात दिसू लागला, म्हणजे आत काहीतरी बिघडले आहे एवढेच समजावे.

शास्त्रज्ञ त्याला श्लेष्मा म्हणतात. आतड्याच्या अस्तरात चषकाच्या आकाराच्या असंख्य पेशी असतात व त्या तो अहोरात्र स्रवत असतात. त्यातील मुख्य द्रव्य एक प्रथिन आहे. ते कसे घडवावे याची आज्ञा आपल्या अकराव्या गुणसूत्रावरील म्यूक-२ नावाच्या जनुकात लिहिलेली असते. हे प्रथिन फार लांबलचक, पाच हजारांहून अधिक दुव्यांच्या साखळीसारखे असते, आणि त्याला शर्करेच्या शाखा इतक्या दाट फुटतात की त्याच्या वजनाचा मोठा भाग शर्करेचाच भरतो. ही शर्करा पाणी धरून ठेवते, म्हणून श्लेष्मा बुळबुळीत लागतो. पेशीत हे प्रथिन गच्च कोंबून ठेवलेले असते. बाहेर पडताच ते शेकडो पटींनी फुगते आणि मासेमारीच्या जाळ्याप्रमाणे पसरते.

या जाळ्याचे काम काय, हे २००८ साली स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील संशोधकांनी उंदरांच्या मोठ्या आतड्यात स्पष्ट दाखविले. तेथे श्लेष्म्याचे दोन थर असतात. बाहेरचा थर सैल, त्यात जंतूंची वस्ती. आतला थर अस्तराला घट्ट चिकटलेला, आणि त्यात जंतू जवळजवळ नाहीत. आतड्यात अब्जावधी जंतू वावरत असून शरीर त्यांच्याशी सुखाने नांदते, याचे एक मोठे कारण हा आतला थर आहे. तो सतत झिजतो व सतत नवा होतो. उंदरात तर तासाभरात त्याचा पृष्ठभाग पालटतो.

हे जनुकच नसेल तर काय होईल? न्यूयॉर्कमधील संशोधकांनी असे उंदीर तयार केले. त्यांच्या आतड्यांत कर्करोगाच्या गाठी उद्भवल्याचे २००२ साली प्रसिद्ध झाले, आणि पुढे २००६ साली नेदरलँड्समधील संशोधकांनी अशा उंदरांचे मोठे आतडे आपोआप सुजते असे दाखविले. २००८ साली ऑस्ट्रेलियातून आलेली हकीकत आम्हांस त्याहूनही बोधक वाटते. त्या उंदरांत जनुक होते, पण त्यात एकाच अक्षराची चूक होती. त्यामुळे प्रथिनाची घडी नीट बसेना. बिघडलेले प्रथिन चषकपेशींतच तुंबून राही, पेशी त्या भाराने शिणत, श्लेष्मा अपुरा पडे आणि आतडे सुजे. अल्सरेटिव्ह कोलायटिस या मानवी रोगाशी त्या सुजेचे पुष्कळ साम्य होते. या रोगाने पीडित माणसांच्या आतड्यातही चषकपेशी कमी झालेल्या व श्लेष्म्याचा थर दुबळा झालेला आढळतो. मात्र माणसात हा रोग एकट्या म्यूक-२ च्या दोषाने होतो असे कोणी समजू नये. त्यात अनेक जनुकांचा, जंतूंचा व राहणीचा वाटा आहे.

आता आमच्या नेहमीच्या आवेकडे वळू. तिला कारण होणाऱ्या अमीबाला हा तट ओलांडल्याशिवाय आतड्याला इजा करता येत नाही. तो प्रथम श्लेष्म्याच्या शर्करेला चिकटतो, मग स्वतःच्या पाचक द्रव्याने म्यूक-२ प्रथिन कातरून जाळे सैल करतो. म्हणजे एका रोगात तट आतून ढासळतो, दुसऱ्यात शत्रू तो बाहेरून पोखरतो. बाहेरून पाहणाऱ्या आईला मात्र दोन्हींत रक्त व आव हेच दिसते.

येथेच घात होतो. एखादा मुलगा महिनोन्महिने रक्त व आव टाकत असतो, वजनाने उतरत असतो, आणि घरचे लोक दर खेपेस दुकानातून आवेच्या त्याच गोळ्या आणून देतात. अल्सरेटिव्ह कोलायटिसला त्या गोळ्यांचा उपयोग नाही. हा रोग वर्षानुवर्षे धुमसत राहिल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढतो. उलट बाजूही तितकीच गंभीर आहे. कोलायटिसची सूज उतरविण्यासाठी स्टेरॉइड देतात. दुखणे अमीबाचे असताना तेच औषध दिले गेले, तर रोग जिवावर बेतू शकतो. म्हणून शौचातून रक्त पडले तर, आणि नुसती आवही काही दिवसांत थांबली नाही तर, डॉक्टरांकडे जावे व शौचाची तपासणी करून घ्यावी. डॉक्टरांनी दुर्बिणीने आतडे पाहावे लागेल असे सांगितले, तर भीतीने वा संकोचाने टाळू नये. विशेषतः घरातील स्त्रिया हे दुखणे लपवितात, ते आम्हांस फार खटकते.

आहाराविषयी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. माणसाच्या आतड्यातील निवडक जंतू उंदरांच्या पोटात वसवून त्यांना चोथा नसलेले अन्न दिले असता, ते जंतू भुकेपोटी श्लेष्म्यातील शर्कराच खाऊ लागले व आतला थर पातळ झाला, असे २०१६ साली अमेरिकेतून प्रसिद्ध झाले. त्यानंतर रोगजंतू घातले तेव्हा त्या उंदरांचे आतडे अधिक तीव्रतेने सुजले. भाकरी, डाळी, पालेभाजी यांतला चोथा आपल्याला पचत नाही खरा, पण आतड्यातील जंतूंना तोच हवा असतो. ज्यांचे आतडे आधीच सुजलेले आहे, त्यांनी मात्र चोथा किती खावा हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे, कारण रोग भरात असताना तो काहींना सोसत नाही.