विमानाचा दीड तास

मैत्रिणींनो, लेक नागपूरला, दिवस भरत आलेले आणि जावई म्हणतात, “विमानानं या, दीड तासात पोचाल!” पुणे-नागपूर हवाई अंतर सुमारे ६०० किलोमीटर, तेव्हा उड्डाणापुरतं ते खरंच. पण घड्याळ आपल्या उंबऱ्यापासून लावा. शिरूरहून लोहगाव विमानतळ ५५-६० किलोमीटर, वाटेत वाघोलीची कोंडी (ती कुणाला चुकलीय?), वर दोन तास आधी हजेरी. सहा-साडेसहा तास धराच. तरी शिरूरकरणींना विमानच सोयीचं. दौंडकरणींना मात्र आधी उलटं पुण्याकडे यावं लागतं; घाई नसेल तर त्यांना मनमाडमार्गे रात्रीची गाडी बरी. डिंकाच्या लाडवांचा डबाही उशाशी राहतो. कळा सुरू झाल्याचा फोन आला, तर पुढचं विमान किती वाजता आहे ते आधी विचारा, मगच पिशवी उचला.