दोष खिम्याचा नव्हे, फोडणीचा

शुक्रवार पेठेसारख्या सोलापुरातल्या जुन्या वस्तीत संध्याकाळी खिमा शिजत असला, तर ते घर न विचारता कळते. काळा मसाला, भाजलेले खोबरे, वर चढलेली लाल तर्री. घरात कुणाची साखर किंवा कोलेस्टेरॉल वाढले की पहिला हुकूम निघतो, ‘मटण बंद.’ दोन महिने तो पाळला जातो, मग मोडतो. मधल्या काळात घरातल्या बाईला दोन वेगळे स्वयंपाक करावे लागतात, याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

खरे तर हिशेब कढईत मांडायला हवा. चरबी काढलेल्या बकऱ्याच्या मटणात शंभर ग्रॅममागे साधारण वीस ग्रॅम प्रथिने आणि स्निग्धांश पाच ग्रॅमच्या आतबाहेर असतो. म्हणजे पाच माणसांच्या अर्धा किलो खिम्यात पंचवीसेक ग्रॅम. आता त्यात काय पडते ते पाहा. चार मोठे चमचे तेल, म्हणजे पंचावन्न ग्रॅमच्या आसपास. पन्नास ग्रॅम सुके खोबरे, त्यात तीस ग्रॅमहून जास्त स्निग्धांश. वर मूठभर शेंगदाण्याचे कूट, त्याचे आणखी वीस-पंचवीस. मटणाच्या चौपट स्निग्धांश आपणच वरून घालतो आणि बोल मटणाला लावतो! हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने सुचवलेल्या २००० कॅलरींच्या आहारात दिवसभराचे तेल-तूप २७ ग्रॅम आहे. इथे एका भाजीतच माणशी अकरा ग्रॅम तेल संपते.

या तिघांना एकाच मापाने मोजू नये. शेंगदाण्यातला स्निग्धांश बहुतांशी असंपृक्त, म्हणजे हृदयाला त्यातल्या त्यात बरा. खोबऱ्यातला बहुतेक संपृक्त. तेव्हा कुटाला थोडी जागा राहू द्यावी, खोबरे चिमटीवर आणावे आणि तेल बुधलीतून न ओतता चमच्याने मोजावे.

आठवड्यातल्या धावपळीच्या रात्रीसाठी याहून सोपा मार्ग कोथिंबीर वडीच्या भांड्यातच आहे. चरबी काढून घेतलेल्या अर्धा किलो खिम्यात पंढरपुरी डाळ्याचे पाऊण वाटी पीठ, बारीक चिरलेला कांदा, भरपूर कोथिंबीर, आले-लसूण, हिरवी मिरची आणि बेताचे मीठ घालून मळावे. पाश्चात्त्य घरांत यासाठी पाव आणि अंडे वापरतात; आपल्याकडे डाळ्याचे पीठ तेच काम करते आणि प्रथिनांत भरही घालते. दीड-दोन इंच जाडीचे लांबट उंडे करून चाळणीत अर्धा तास वाफवावेत. गार झाल्यावर काप करून तव्यावर दोन चमचे तेलात परतले की झाले. तर्री नाही, ही तक्रार येणारच. ती पहिल्या आठवड्यापुरती असते.

एका गोष्टीत मात्र कसर नको. खिमा करताना मटणाच्या बाहेरचे जंतू आतपर्यंत मिसळतात, म्हणून उंडा मधोमध कापून पाहावा. गुलाबी रंग किंवा लालसर पाणी दिसले तर आणखी वाफवावा. सोलापूरचा उन्हाळा चाळिशी सहज ओलांडतो. सकाळी आणलेला खिमा संध्याकाळपर्यंत ओट्यावर राहिला, तर तो टाकलेलाच बरा. फ्रिज नसेल तर स्वयंपाकाच्या वेळीच आणावा आणि समोर कुटून घ्यावा; आधीपासून ताटात मांडलेल्या खिम्यात चरबी किती, हे कुणालाच सांगता येत नाही.

सोबत भात नको, भाकरी हवी. ज्या जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तिथे खिम्याबरोबर मैद्याचा पाव शोधत फिरणे जरा विचित्रच. भाकरी, दोन काप, कांदा-काकडीची कोशिंबीर आणि हवे तर एक चमचा शेंगाचटणी. साखरेच्या रुग्णालाही हे ताट घरातल्या बाकीच्यांबरोबर, एकाच पंगतीत वाढता येते.