तेलाची साक्ष

गोरेगावातल्या वाण्याच्या दुकानी करडईचे तेल घ्यावे की शेंगदाण्याचे, हा प्रश्न हल्ली कर्करोगाच्या धास्तीनेही विचारला जातो. आणि आहाराची जबानी घेऊन त्याचा निवाडा करू जावे, तर मनुष्य स्वतःच्या ताटाविषयी क्वचितच खरी साक्ष देतो. (आम्ही तरी देत नाही.) जन्मतः वाट्यास आलेली जनुके मात्र पुढील सवयींनी पालटत नाहीत, म्हणून संशोधक त्यांनाच साक्षीस बोलावतात. २०१६ साली कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांना पुण्यातील २३४ बहुतांशी शाकाहारी व्यक्तींपैकी ६८ टक्क्यांत ‘फॅड्स-२’ जनुकाचा एक विशिष्ट प्रकार दोन्ही प्रतींत आढळला. अमेरिकेतील नमुन्यात हेच प्रमाण १८ टक्के होते. करडईत विपुल असलेल्या लिनोलेइक आम्लापासून अ‍ॅराकिडोनिक आम्ल घडविण्यास तो प्रकार साह्य करतो. हे जनुक ज्या जनुकसमूहात मोडते, त्याच्या आधारे केलेल्या अभ्यासांत अ‍ॅराकिडोनिक आम्लाची चढती पातळी आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग यांचा संबंध दिसला आहे खरा; परंतु ही जनुके एकाच वेळी अनेक स्निग्धाम्लांचा कारभार पाहत असल्याने, त्यांतील नेमका कसूरवार कोण, हे एवढ्या दफ्तरावरून शाबीत होत नाही. केवळ या पुराव्यावर करडईचा डबा फडताळातून हलविण्यास आम्ही तूर्त राजी नाही.