एक्स-रेचे बटण कोणाच्या हाती?

तालुक्याच्या एस.टी. स्टँडसमोरचा एखादा छोटा दवाखाना आठवा. दारावर डॉक्टरसाहेबांच्या पदव्यांची पाटी आहे. आतल्या खोलीत एक्स-रेचे मशीन आहे. पण ते डॉक्टरसाहेब चालवीत नाहीत आणि शिकलेला रेडिओग्राफर पगारावर ठेवणे त्यांना परवडत नाही. मग बटण कोण दाबतो? सकाळी फरशी पुसणारा, दुपारी केसपेपर काढणारा, आपल्याच वस्तीतला दहावी-बारावी झालेला पोरगा. लहान मूल रडू लागले की त्याला मशीनसमोर धरून उभा राहतो तोही तोच. त्याच्या अंगावर शिशाचा एप्रन नसतो, छातीवर किरणे मोजणारा टीएलडी बिल्ला नसतो. हजेरीपटावर त्याची नोंद ‘मदतनीस’ अशी असते.

दाताच्या दवाखान्यातही अनेक ठिकाणी हेच चित्र दिसते. डेंटिस्टला एक्स-रे काढण्याचे शिक्षण असते, पण गर्दीच्या वेळी काम मदतनीस मुलीवर पडते. रुग्णाच्या तोंडातली फिल्म ती स्वतःच्या बोटाने धरते. रोज धरते, वर्षानुवर्षे धरते.

वाचकांनी घाबरून एक्स-रे काढणे टाळू नये. छातीच्या एका एक्स-रेतून मिळणारी किरणांची मात्रा फार थोडी असते. बटण सोडले की किरणे थांबतात, खोलीत काही उरत नाही. डॉक्टरांनी कारण पाहून सांगितलेला एक्स-रे काढलाच पाहिजे. धोका आहे तो न शिकलेल्या हाताचा. मात्रा चुकली की फोटो बिघडतो, पुन्हा काढावा लागतो आणि रुग्णाला दुप्पट किरणे खावी लागतात. खिशालाही दुप्पट भुर्दंड पडतो. पोटुशी बाईला आधी विचारायचे असते, हे ज्याला कोणी सांगितलेच नाही तो विचारणार कसा? आणि जो रोज त्या खोलीत उघडा उभा राहतो, त्याच्या शरीरात ही थोडी थोडी मात्रा साठत जाते.

हा धडा जगाला शंभर वर्षांपूर्वीच मिळाला आहे. रॉन्टजेनने १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला. लगेच अमेरिकेत एडिसनने त्यावर प्रयोग सुरू केले. नळ्या तपासण्यासाठी किरणांसमोर हात धरण्याचे काम त्याचा मदतनीस क्लॅरेन्स डॅली करीत असे. डॅलीचे हात सडले, ते कापावे लागले आणि १९०४ मध्ये तो कर्करोगाने मेला. एडिसनने घाबरून हे काम सोडून दिले. मालक वाचला, मदतनीस गेला. आपल्याकडच्या दवाखान्यांत आजही मशीनसमोर मदतनीसच उभा आहे.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ मध्ये स्थापन झाले. २००४ च्या किरणोत्सर्ग संरक्षण नियमांनी १८ वर्षांखालील कोणालाही या कामावर ठेवण्यास मनाई केली. एक्स-रे मशीनसाठी मंडळाची नोंदणी किंवा परवाना लागतो. चालविणाऱ्याला मान्य प्रशिक्षण हवे, त्याला बिल्ला हवा आणि त्या बिल्ल्याची दर तीन महिन्यांनी तपासणी व्हावी, अशी व्यवस्था ठरलेली आहे. २०२१ मध्ये संसदेने वैद्यकीय क्षेत्रातल्या तंत्रज्ञांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. रेडिओलॉजीचे तंत्रज्ञ त्यात येतात. राज्यांनी सहा महिन्यांत आपापल्या परिषदा नेमाव्यात असे त्या कायद्यातच लिहिले होते. सहा महिन्यांचे काम तीन वर्षांतही पुरे झाले नाही. शेवटी ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला दोन महिन्यांत अंमलबजावणी करा, असा आदेश द्यावा लागला. मशीन विकत घ्यायला सगळ्यांना घाई असते. मशीनमागे कोण उभा आहे हे पाहण्याची घाई कोणालाच नसते.

इथे आपलेच काही कार्यकर्ते विचारतील, सर्टिफिकेटची अट कडक केली तर पहिली भाकरी कोणाची जाईल? आपल्याच पोरांची! ही शंका खोटी नाही. या देशात पात्रतेच्या नावाखाली आपल्याला दाराबाहेर ठेवण्याचा इतिहास फार जुना आहे. मशीन नवे असताना, कमी पगारात, धोका अंगावर घेऊन ज्याने बटण दाबले, त्यालाच उद्या ‘अपात्र’ म्हणून हाकलायचे आणि त्याच्या जागी फी भरून डिप्लोमा घेतलेला आणायचा, हे होऊ शकते.

पण म्हणून नियमच नको, असे म्हणणे आत्मघाताचे आहे. धोका मदतनिसाने घ्यायचा आणि नफा मालकाने, ही नियम नसल्याचीच व्यवस्था आहे. शिवाय त्या मशीनसमोर रुग्ण म्हणून उभे कोण राहते? क्षयरोग गरिबांच्या वस्तीत ठाण मांडून बसतो. डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या क्षयरोग मोहिमेत हातात धरायची एक्स-रे मशीन थेट लोकांपर्यंत नेण्यात आली. हे चांगलेच झाले. पण मोठ्या शहरातल्या पंचतारांकित रुग्णालयात शिकलेला तंत्रज्ञ आणि आमच्या झोपडपट्टीत कोणीही चालेल, हे आम्ही का मान्य करावे? आमची हाडे काय स्वस्त आहेत?

बाबासाहेबांनी या प्रश्नाची दिशा दाखवून ठेवली आहे. १९४२ ते १९४६ या काळात ते मजूरमंत्री होते. कामाचे तास आणि खाणीतल्या बाईचे बाळंतपण या गोष्टी त्यांनी मालकाच्या दयेवर सोडल्या नाहीत, कायद्यात आणल्या. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातले कामाचे आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. कामगारांच्या आरोग्याचा व शक्तीचा दुरुपयोग होऊ नये, असे संविधानाचा अनुच्छेद ३९ राज्याला बजावतो. आणि शिक्षणाच्या बाबतीत बाबासाहेबांनी दर्जा खाली आणा असे कधी म्हटले नाही. दर्जापर्यंत जाण्याची वाट आमच्यासाठी उघडा, असे म्हटले.

तीच मागणी आज करायची आहे. पहिली, आज प्रत्यक्ष मशीन चालविणाऱ्या प्रत्येकाची नोंद घ्या. त्याला बिल्ला आणि एप्रन आजच द्या, त्याचा खर्च मालकाने करावा. दुसरी, अशा अनुभवी मुला-मुलींसाठी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत नोकरी सांभाळून करता येईल असे प्रशिक्षण ठेवा. आमच्या मुलांची फी बार्टीने भरावी. परीक्षा मात्र सगळ्यांना एकच असू द्या. तिसरी, प्रशिक्षण पुरे होईपर्यंत त्याला कामावरून काढू नका, पण बटणापासून दूर ठेवा आणि त्याचा पगार चालू ठेवा. चौथी, मशीन चालविणाऱ्याचे नाव व नोंदणी क्रमांक एक्स-रेच्या खोलीबाहेर मराठीत लावा. डॉक्टरांच्या पदव्यांची पाटी लागते, तर तंत्रज्ञाची का नको?

आणि वस्तीतल्या बांधवांनो, पुढच्या वेळी एक्स-रेच्या खोलीत गेलात तर दोन प्रश्न नम्रपणे विचारा. ‘भाऊ, तू हे शिकला आहेस का?’ आणि ‘तुझा बिल्ला कुठे आहे?’ पहिला प्रश्न आपल्यासाठी आहे, दुसरा त्याच्यासाठी. उत्तर नाही असे आले तर त्या पोरावर रागावू नका. त्याला सोबत घेऊन पाटीवरच्या पदव्यांच्या मालकाकडे जा.

जयभीम!