कृपा, लायकी आणि ऋण



गेल्या महिन्यात माझ्या कार्यालयातील एका ज्येष्ठ मैत्रिणीची आई वारली. मैत्रीण कृष्णवर्णीय अमेरिकन. गेली सहा वर्षे आम्ही दोघी एकाच संगणक प्रणालीची राखण करीत आहोत, आणि अपरात्री सर्व्हर बंद पडला की एकमेकींना झोपेतून उठवण्याचा अधिकार आम्ही परस्परांना दिलेला आहे. अंत्यविधीला मी पती आणि नऊ वर्षांच्या मुलीसह गेले. नॉर्थ कॅरोलायनातील लहानसे चर्च माणसांनी भरून गेले होते. विधी संपत आला तेव्हा ‘अमेझिंग ग्रेस’ हे गीत सुरू झाले आणि सारी सभा उभी राहिली. आम्हीही उभे राहिलो.

परतताना गाडीत मुलीने विचारले, “आई, ग्रेस म्हणजे काय?”

“कृपा.”

“कुणाची?”

“देवाची. आपण देव मानत नाही, म्हणून आपल्यात हा शब्द नाही.”

उत्तर चुकीचे नव्हते, पण माझेच त्याने समाधान झाले नाही. या मैत्रिणीने कुणापुढे मान झुकवलेली मी कधी पाहिलेली नाही. तीच त्या शब्दापाशी डोळे मिटून शांतपणे उभी होती. तिला त्यात काय दिसते हे समजून न घेता शब्द नाकारणे म्हणजे पुरावा न पाहता निकाल देणे. कालाम सुत्ताचा अभिमान बाळगणाऱ्यांना ते शोभत नाही.

आधी आपल्या बाजूची अडचण सांगते. ‘कृपा’ हा शब्द आपल्या घरांत कोऱ्या पाटीसारखा येत नाही. माझे पणजोबा अहमदनगर जिल्ह्यातील आमच्या गावी येसकरीच्या पाळीवर दारोदार भाकरी गोळा करीत. दाराशी अंतर राखून उभे राहायचे, ‘जोहार, मायबाप’ म्हणायचे आणि पदरात पडेल ते घ्यायचे. काम मात्र वर्षभराचे : वेशीची राखण, सांगावा पोचवणे, मेलेले ढोर ओढणे. रिवाजाने बलुते हा त्या कामाचा मोबदला होता, परंतु देणारा तो दया म्हणून देई आणि घेणाऱ्याने तो उपकार म्हणून घ्यावा अशी अपेक्षा असे. हक्काला कृपेचा वेष चढवला की हक्कदार कायमचा याचक होतो. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले ते कुणाच्या कृपेने नव्हे. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्यांनी महार वतनाच्या सुधारणेचे विधेयक मांडले, तेही याच वेषाविरुद्ध. ‘जोहार’ गेला आणि ‘जय भीम’ आला. असा इतिहास असलेल्या माणसाला ‘कृपा’ ऐकताच आत काही आखडल्यासारखे झाले, तर त्यात नवल नाही.

ख्रिस्ती श्रद्धेतील कृपा मात्र गावकीतील कृपेहून वेगळी आहे. नव्या करारातील मूळ ग्रीक शब्द ‘खारिस’. संत पौलाच्या पत्रांत तो पुनःपुन्हा येतो. त्याच्या विवेचनाचे सार असे की माणूस स्वतःच्या पुण्याईच्या बळावर देवापर्यंत पोचू शकत नाही. तारण ही देणगी आहे, कमावलेली मजुरी नाही. आणि म्हणूनच कुणालाही बढाई मारण्यास जागा उरत नाही. येशूच्या एका दाखल्यात द्राक्षमळ्याचा मालक पहाटेपासून राबलेल्या मजुराला आणि दिवस मावळताना आलेल्या मजुराला सारखेच नाणे देतो. पहाटेचा मजूर कुरकुरतो. ती कुरकुर आपल्या ओळखीची आहे : ‘मी अधिक लायक, मग याला माझ्याइतके का?’

या कल्पनेवर ख्रिस्ती जगात शतकानुशतके वाद झाले. ब्रिटनमधून रोमला आलेल्या पेलागियसचे म्हणणे असे की देव सदाचरणाची आज्ञा करतो, त्याअर्थी ती पाळण्याची शक्ती माणसात असलीच पाहिजे. उत्तर आफ्रिकेतील बिशप ऑगस्टीन याने उलट सांगितले : माणसाची इच्छाशक्तीच मुळात आजारी आहे; चांगले व्हावे असे वाटण्यासाठीसुद्धा आधी कृपा हवी. ४१८ साली कार्थेजच्या धर्मपरिषदेने पेलागियसच्या मताचा निषेध केला. पुढे सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने ‘केवळ कृपा’ असा आग्रह धरला. त्यावर ट्रेंटच्या परिषदेने (१५४५ ते १५६३) कॅथलिक उत्तर दिले की आरंभ कृपेचाच, परंतु माणसाने तिला साथ द्यावी लागते. अठराव्या शतकात जॉन वेस्ली म्हणाला, कृपा माणसाने मागण्यापूर्वीच त्याच्यापर्यंत पोचलेली असते. तिला प्रतिसाद देणे आणि आयुष्य बदलणे हे त्याचे काम.

आपली सहानुभूती साहजिकच पेलागियसकडे जाईल. तरीही ऑगस्टीन आणि ल्यूथर यांच्या बाजूचे एक बळ मान्य करावेच लागेल : कृपेपुढे लायकीची उतरंड टिकत नाही. जातिव्यवस्थेचा सारा डोलारा लायकीवर उभा आहे. वरचा पूर्वजन्मीच्या पुण्याईने वर, खालचा पूर्वजन्मीच्या पापाने खाली. सारेच सारखे कर्जबाजारी आहेत, कुणाचेही पुण्य पुरेसे नाही, असे म्हणताच ही उतरंड कोसळते. अहमदनगर भागात अमेरिकन मराठी मिशनच्या प्रभावाने अनेक महार-मांग कुटुंबे ख्रिस्ती झाली, त्यामागे शाळा आणि दवाखाना होता तसे हे ऐकण्याचे समाधानही असले पाहिजे. धर्मांतरानंतरही भारतीय चर्चमध्ये जात शिल्लक राहिली, हेही बाबासाहेबांनी स्पष्टपणे लिहून ठेवले आहे. तत्त्व उतरंड मोडते, म्हणून माणसे ती मोडतीलच असे नाही.

त्या दिवशी ऐकलेल्या गीताची कथा हेच सांगते. गीतकार जॉन न्यूटन, जन्म १७२५, पेशाने इंग्रज खलाशी. मार्च १७४८ मध्ये भर समुद्रात वादळाने जहाज बुडू लागले तेव्हा त्याने देवाचा धावा केला, आणि तो वाचला. आपल्या आयुष्यात कृपेचा प्रवेश झाला तो याच दिवशी, असे तो जन्मभर मानत आला. पण त्यानंतर त्याने काय केले? १७५० ते १७५४ या काळात तो गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजांचा कप्तान होता. वर कप्तानाच्या खोलीत प्रार्थना आणि खाली साखळदंडांत जखडलेली माणसे! हा धंदा त्याने सोडला तो प्रकृती बिघडल्यामुळे. १७६४ साली तो धर्मोपदेशक झाला, १ जानेवारी १७७३ रोजी ऑल्नी येथील चर्चमध्ये हे गीत प्रथम सादर झाल्याचे मानले जाते, आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याने जाहीर पुस्तिका लिहिली ती १७८८ साली. कप्तानपद सोडल्याला तोवर ३४ वर्षे झाली होती. आपली कबुली फार उशिरा येत आहे, हे त्या पुस्तिकेत त्याने स्वतःच मान्य केले. मग मात्र त्याने ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली, आणि १८०७ साली व्यापारबंदीचा कायदा झाल्यानंतर त्याच वर्षाच्या डिसेंबरात तो मरण पावला.

ज्याला कृपा मिळाली त्याच्या पायाखालच्या माणसांना तिचा काही उपयोग झाला का, हा प्रश्न येथे टाळता येत नाही. अंगुलिमालाची कथा आपण मुलांना सांगतो. बुद्धांनी त्याला थांबायला शिकवले आणि तो त्याच क्षणी थांबला. पुढे भिक्षेला गेला असता लोकांनी त्याच्यावर दगड मारले, तेव्हा ते सोसण्यास बुद्धांनी त्याला सांगितले. परिवर्तनाने केलेल्या कर्माचा हिशेब पुसला जात नाही. न्यूटन आधी वाचला आणि फार उशिरा थांबला.

जर्मन धर्मचिंतक डीट्रिख बोन्होफर याने १९३७ च्या आपल्या ग्रंथात अशा कृपेला ‘स्वस्त कृपा’ असे नाव दिले : पश्चात्तापावाचून मिळणारी क्षमा, ज्यात काहीच बदलावे लागत नाही. त्याआधी १९३०-३१ मध्ये तो न्यूयॉर्कला शिकत असताना हार्लेममधील कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये नियमित जात असे. हिटलरविरोधी कटातील सहभागामुळे ९ एप्रिल १९४५ रोजी त्याला फाशी देण्यात आले.

गुलामांच्या जहाजाच्या कप्तानाने लिहिलेले गीत गुलामांचे वंशज का गातात, असे मी मैत्रिणीला नंतर विचारले. ती म्हणाली, “गीत त्याने लिहिले, पण अर्थ आम्ही भरला. साऱ्या जगाने आम्हाला किंमत ठरवून विकले. ज्याची किंमतच करता येत नाही असे काहीतरी आमच्यापाशी आहे, हे आम्हाला त्या शब्दाने सांगितले.” तिचे चर्च आफ्रिकन मेथॉडिस्ट एपिस्कोपल परंपरेतील, म्हणजे वेस्लीच्या वळणाचे. फिलाडेल्फियाच्या चर्चमध्ये गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या कृष्णवर्णीयांना ओढून उठवण्यात आले, तेव्हा रिचर्ड ॲलन आणि त्याचे सोबती बाहेर पडले आणि १८१६ साली हा स्वतंत्र पंथ स्थापन झाला. काळाराम मंदिराचे दार १९३० साली ज्यांच्यासाठी उघडले नाही, त्यांच्या नातवंडांना ही गोष्ट परकी वाटू नये.

याच पंथाच्या चार्ल्सटन येथील चर्चमध्ये १७ जून २०१५ रोजी एका श्वेतवर्णीय तरुणाने नऊ जणांना गोळ्या घातल्या. बायबलच्या अभ्यासवर्गात त्यांनीच त्याला शेजारी बसवून घेतले होते. दोनच दिवसांनी न्यायालयात काही नातेवाइकांनी त्याला क्षमा केल्याचे सांगितले. २६ जूनला राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी श्रद्धांजलीच्या भाषणात कृपेचा अर्थ उलगडला आणि हेच गीत गायले. कृपा आपण कमावलेली नसते, पण मिळाल्यावर तिचे काय करायचे हे आपल्या हाती असते, असा त्यांचा रोख होता. १० जुलैला साउथ कॅरोलायनाच्या विधानभवनासमोरील कॉन्फेडरेट ध्वज उतरवण्यात आला.

त्या नातेवाइकांची क्षमा पाहून माझे मन नम्र होते आणि अस्वस्थही होते. क्षमा ज्याची त्याने द्यावी. पण पीडिताने ती दिलीच पाहिजे अशी अपेक्षा जग धरू लागले, की ती पुन्हा वेठबिगार होते. अत्याचारानंतर ‘आता विसरा’ असे सांगणारे शहाणे आपण खूप पाहिले आहेत.

मग आपण कोठे उभे आहोत? बुद्ध मोक्षदाता नाहीत, मार्गदाता आहेत, हे बाबासाहेबांनी निःसंदिग्धपणे सांगितले. चालायचे आपणच. परंतु परदेशात स्थिरावलेल्या आपल्यासारख्यांना यातून एक मोह होतो : मी चाललो, मी पोचलो, सारे माझ्याच गुणवत्तेचे फळ. दिवाळीच्या मेळाव्यात एखादे देशबांधव सहज विचारतात, “तुम्हाला तर सवलत मिळाली असेल ना?” तेव्हा मी गुणपत्रिका काढून दाखवू लागले, तर मी त्यांचीच लायकीची भाषा बोलू लागते. सवलत हे कृपेचेच दुसरे नाव आहे. संविधानाच्या अनुच्छेद १६(४) ने दिलेले प्रतिनिधित्व कृपा नाही. ती न्यायाची तरतूद आहे.

आणि तरीही मला जे मिळाले त्यातील बरेचसे मी कमावलेले नाही, हे ख्रिस्ती माणसाचे निरीक्षण खरे आहे. प्रतीत्यसमुत्पाद दुसरे काय सांगतो? काहीही एकट्याने उद्भवत नाही. बाबासाहेबसुद्धा १९१३ साली बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात आले. सयाजीरावांचे साहाय्य त्यांनी स्वीकारले, पण त्यासाठी स्वत्व गहाण टाकले नाही. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात त्यांनी आयरिश देशभक्त डॅनियल ओकॉनेल याच्या विचाराची आठवण दिली : स्वाभिमान विकून कुणी कृतज्ञ राहू शकत नाही. त्याच भाषणात ते म्हणाले की धर्मात भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असेलही, राजकारणात मात्र ती अधोगतीकडेच नेते. कृपेविषयीची आपली सीमारेषा येथे सापडते. कुणाच्या अंतःकरणातील कृपेशी आपले भांडण नाही. माणसाने माणसावर कृपा करण्याच्या अधिकाराशी आहे.

आपल्या परंपरेत यासाठी पाली शब्द आहे, कतञ्ञुता. आपल्यासाठी केलेले जाणणे. येथे देणारा आकाशात नसतो, माणसांत असतो, आणि पुढच्या माणसाला दिल्यानेच त्याची परतफेड होते.

काल रात्री मुलीला मी नवे उत्तर दिले. “तुला मिळालेले बरेचसे तू कमावलेले नाहीस. ग्रेस म्हणणारेही हेच म्हणतात. ते देवाचे नाव घेतात. आपल्याला देणाऱ्यांची नावे ठाऊक आहेत, म्हणून आपण त्याला ऋण म्हणतो. ते फेडायचे असते.”

तिने थोडा विचार केला. “मग पुढच्या वेळी ते गाणे लागले तर उभे राहायचे की नाही?”

“राहायचे,” मी म्हणाले. “त्यांच्यासाठी.”

नमो बुद्धाय. जय भीम.