गृहारोग्य : हिरड्यांचे दुखणे आणि घरातील संशय

हिरड्यांतून रक्त येऊ लागले की घरातील वडीलधारी माणसे ‘उष्णता झाली’ म्हणून गुलकंदाची बरणी काढतात. परंतु तोच रुग्ण एच.आय.व्ही.बाधित आहे असे कळले, तर त्याचे पेलाभांडे निराळे मांडले जाते. पहिल्या वागण्यात हयगय आहे, दुसऱ्यात अन्याय आहे. आणि दोहोंच्या मुळाशी अज्ञान एकच आहे.

जंतू प्रत्येकाच्या मुखात असतात. हॉलंडातील लेव्हेनहूक याने १६८३ साली दातांवरील मळ भिंगाखाली धरून त्यांतील हालते सूक्ष्म जीव वर्णिले. आज अशा जंतूंच्या शेकडो जाती ठाऊक आहेत. बाधित व अबाधित माणसांच्या हिरड्यांत बहुतांशी हेच जंतू आढळतात; भेद पडतो तो शरीराच्या प्रतिकारशक्तीमुळे. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्ये सीडी-४ नामक रक्षक पेशी साधारणतः ५०० ते १५०० असतात. एच.आय.व्ही. याच पेशींचा नाश करतो. त्या २०० च्या खाली उतरल्या म्हणजे एरवी निमूट राहणारे जंतू उठाव करतात. दातांमधील हिरडी काळवंडून झडते, असह्य ठणका लागतो, तोंडास दुर्गंधी येते, आणि कधी थोड्याच आठवड्यांत दात हलू लागतात.

तथापि हा विकार दिसला म्हणजे एच.आय.व्ही. असलाच पाहिजे, असे मात्र नव्हे. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात खंदकांतील सैनिकांस हाच रोग झाला होता, आणि त्याला ‘खंदकी तोंड’ असेच नाव पडले. अस्वच्छता, निकृष्ट आहार, जागरण, मनस्ताप व धूम्रपान एवढी कारणे त्यास पुरेशी झाली. मधुमेह व मशेरी यांनीही हिरड्या बिघडतात. जिभेवरील पांढरा थर हा पुष्कळदा जंतूंचा नसून बुरशीचा असतो. त्याचे औषध निराळे.

म्हणून निदान घरी करू नये. कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारीसारख्या गावच्या मंडळींस छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयाचा आधार आहे. तेथे दंतवैद्य साचलेला थर काढून आवश्यक ते औषध देतील. त्यांनी रक्तचाचणी सुचविली तर त्यात अपमान मानू नये. सरकारी केंद्रांत ती विनामूल्य व गुप्तपणे होते. विषाणूवरील औषधेही सरकार २००४ पासून मोफत देत आहे. ती नियमित घेतल्यास रक्षक पेशी वाढतात व मुखाचे हे उग्र विकार विरळ होतात.

आता पेल्याविषयी. एच.आय.व्ही. लाळेने, एका पंक्तीला जेवल्याने अथवा एकाच पेल्यातून पाणी प्याल्याने पसरत नाही. मात्र दात घासण्याचा ब्रश ज्याचा त्याचा असावा, कारण त्यास रक्त लागते. आणि तान्ह्यास आपण चावलेला घास भरविण्याची चाल कोणीही सोडावी, हेच बरे.

भारतात १९८६ साली चेन्नईस या विषाणूचा प्रथम शोध लागला तो डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली. त्या माहेरच्या गायतोंडे, मराठी घराण्यातील. १९९३ मध्ये त्यांनी अशा रुग्णांसाठी वाय. आर. गायतोंडे केंद्र स्थापिले. २०१७ च्या कायद्यानेही बाधितांशी भेदभाव करण्यास मनाई केली असून, १८ वर्षांखालील बाधित मुलास सामायिक घरात राहण्याचा व तेथील सोयी वापरण्याचा हक्क दिला आहे.

एकत्र कुटुंबात दुखणे लपविले जाते ते बहुधा पान निराळे मांडले जाईल या भयाने. आणि लपविलेल्या दुखण्यास उपचार कसा व्हावा? दुखऱ्या तोंडाच्या माणसास मऊ भात व कोमट पाणी घरच्याच पंक्तीत मिळाले, तर तो दवाखान्याची वाट वेळीच धरील.