चौकटीबाहेरचे वडीगोद्री

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील वडीगोद्री हे गाव महाराष्ट्रातील बहुतेकांना 2024 च्या जूनमध्ये दूरचित्रवाणीच्या पडद्यावरून ठाऊक झाले. लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे यांनी ओबीसी आरक्षणाच्या रक्षणासाठी 13 जूनला येथे उपोषण सुरू केले आणि ते 22 जूनला स्थगित झाले. त्याच्या आदल्या वर्षी, 29 ऑगस्ट 2023 रोजी, याच तालुक्यातील अंतरवाली सराटीत मनोज जरांगे पाटील यांचे मराठा आरक्षणासाठीचे उपोषण सुरू झाले होते. 1 सप्टेंबरला तेथे लाठीमार झाला आणि ते गाव देशभर पोचले. ही दोन गावे एकमेकांपासून अगदी जवळ आहेत. तरीही एका मंडपावर रोखलेल्या कॅमेऱ्यात दुसरा मंडप आला नाही. यात कॅमेरामनचा दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. कोणत्याही छायाचित्राला चौकट असते आणि चौकट म्हटली की काहीतरी बाहेर राहतेच. प्रश्न एवढाच, की बाहेर काय राहिले याची जाणीव छायाचित्र घेणाऱ्याला आणि ते पाहणाऱ्याला असते का?

हा प्रश्न आम्हाला सुचला तो एका कॅमेऱ्यामुळे. परदेशी स्थायिक झालेला आमचा एक जुना विद्यार्थी सुट्टीत आला आणि त्याने आपला लायका एम 11-पी आम्हाला दोन दिवसांसाठी वापरायला दिला. हा डिजिटल रेंजफाइंडर. आम्ही मराठी शिकवणारी माणसे. छायाचित्रणाच्या तांत्रिक बाजूवर अधिकाराने बोलणे आमचे काम नव्हे. पण ‘पाहणे’ आणि ‘वाचणे’ या क्रियांशी आमचा रोजचा संबंध आहे, आणि या यंत्राने त्या संबंधाला हात घातला. म्हणून हे लिहितो आहोत.

रेंजफाइंडर म्हणजे काय, हे थोडक्यात सांगायला हवे. मोबाइलमध्ये किंवा नेहमीच्या मोठ्या कॅमेऱ्यात आपण पाहतो ती प्रतिमा भिंगातून आलेली असते. रेंजफाइंडरमध्ये आपण भिंगातून पाहतच नाही. कॅमेऱ्याच्या वरच्या कोपऱ्यात काचेची एक स्वतंत्र खिडकी असते, तिच्यातून समोरचे दृश्य थेट दिसते. थोड्या अंतरावर दुसरी लहान खिडकी असते. तिच्यातून आलेली प्रतिमा पहिल्या दृश्याच्या मधोमध एका उजळ चौकोनात उमटते. भिंगाचे कडे फिरवले की ही दुसरी प्रतिमा आडवी सरकते. दोन्ही प्रतिमा एकमेकींवर तंतोतंत बसल्या की फोकस साधला. भूमापक दोन बिंदूंवरून अंतर काढतो, त्याच त्रिकोणाच्या तत्त्वावर हे चालते.

या घराण्याचा मूळपुरुष म्हणावा असा लायका एम 3 हा 1954 चा. तो अर्थात फिल्मचा कॅमेरा. पहिला डिजिटल रेंजफाइंडर मात्र एप्सन कंपनीने 2004 मध्ये आणला. त्या आर-डी 1 ला फिल्म नसूनही शटर ताणण्याची कळ होती आणि उरलेल्या छायाचित्रांची संख्या घड्याळासारखा काटा दाखवी. 2006 मध्ये लायकाचा एम 8 आला. तो अवरक्त किरणांना इतका संवेदनशील होता की काळे कृत्रिम कापड छायाचित्रात जांभळट दिसे, आणि त्यावर उपाय म्हणून भिंगापुढे गाळणी लावावी लागे. 2009 च्या एम 9 ने जुन्या 35 मिलिमीटर फिल्मच्या आकाराचा संवेदक दिला, 2022 च्या एम 11 ने 6 कोटी बिंदूंची प्रतिमा दिली. एम 11-पी हे त्याचेच 2023 मधले रूप.

हातात घेतल्यावर पहिली जाणीव झाली ती यंत्राच्या मितभाषीपणाची. काळ्या ॲल्युमिनियमचा हा कॅमेरा भिंगाविना सुमारे 530 ग्रॅमचा. शटरचा वेग वरच्या चकतीवर, छिद्राचे माप भिंगावर, अंतरही भिंगावरच. यंत्र आपणहून फोकस साधत नाही. भिंगावरचे झाकण काढायचे राहिले तरी खिडकीतून सारे लख्ख दिसतच राहते. आमची पहिली चार छायाचित्रे त्यामुळे काळीकुट्ट निघाली, आणि याचा दोष आमच्याखेरीज कुणालाही देता येणार नाही. दुसरा धडा कालव्याने दिला. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचा काठ फोकसमध्ये आणायला गेलो, तर काही केल्या कळेना. दुसरी प्रतिमा आडवी सरकते. त्यामुळे आडव्या रेघेवर तिचे सरकणे डोळ्याला दिसतच नाही. कॅमेरा उभा धरावा, किंवा काठावरचे बाभळीचे खोड शोधावे, तेव्हा कुठे दोन प्रतिमा जुळतात. लवकर जुळल्या म्हणून भरवसा ठेवू नये आणि जुळत नाहीत म्हणून निराश होऊ नये, हे आम्ही दिवसभरात शिकलो.

पण खरी गोष्ट चौकटीची आहे. आमच्याकडे 50 मिलिमीटरचे भिंग होते. त्या भिंगाने जेवढे टिपले जाणार तेवढा भाग खिडकीत पांढऱ्या उजळ रेषांनी आखलेला दिसतो. मात्र खिडकी त्या रेषांपाशी संपत नाही. रेषांच्या चहूबाजूंना आणखी बरेच जग दिसत राहते: चौकटीत शिरू पाहणारी सायकल, बाहेर पडत असलेले कुत्रे, बाजूला उभे राहून आपल्याकडे पाहणारे पोर. मोबाइलच्या पडद्यावर चौकट हेच जग असते. येथे चौकट ही जगात आखलेली रेघ आहे, आणि ती आपण आखली आहे हे यंत्र क्षणभरही विसरू देत नाही.

सकाळी महामार्गाकडून गावाकडे वळणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी आम्ही उभे होतो. रस्त्याच्या दोन अंगांना उन्हाने विटलेले दोन फ्लेक्स फलक होते. एक एका मागणीचा, दुसरा दुसऱ्या. त्यांतल्या एका फलकाखाली धोतर-टोपीतले एक वृद्ध गृहस्थ पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. चेहऱ्यावर तिरपे ऊन, मागे घोषणेची मोठी अक्षरे. फोटोग्राफरला आणखी काय हवे? चौकटीत ते आणि तो फलक नेमके बसले. चौकटीच्या रेषेबाहेर, त्याच खिडकीत, रस्त्यापलीकडचा दुसरा फलक आम्हाला स्वच्छ दिसत होता. आम्ही शटर दाबले.

“पेपरवाले का तुमी?” त्यांनी विचारले.

“नाही बाबा, कॉलेजात शिकवतो. तुम्ही इथं कसे बसलात?”

“यष्टीची वाट बघायलोय. इथं सावली हाय म्हनून बसलो. दुपारच्याला सावली तिकडं पडती. यष्टी नाही आली तर मंग तिकडं बसंन.”

छायाचित्र उत्तम आले होते. पुढे वर्गात ते दाखवून आम्ही विचारले, “हे गृहस्थ येथे का बसले असावेत?” विद्यार्थ्यांनी एकमुखाने सांगितले: ते आंदोलक आहेत. काहींनी त्यांच्या चेहऱ्यावर निर्धार वाचला, एकीने वंचना वाचली. एसटी कुणालाच दिसली नाही. ती दिसणार तरी कशी? चौकटीत होते तेवढ्यावरून मुलांनी केलेले वाचन तर्कशुद्धच होते.

आता या कॅमेऱ्याच्या सर्वांत गाजलेल्या वैशिष्ट्याकडे येऊ. बनावट प्रतिमांच्या या काळात एम 11-पी प्रत्येक छायाचित्राला सांकेतिक सही जोडू शकतो. ‘कंटेंट क्रेडेन्शियल्स’ नावाची ही व्यवस्था कॅमेऱ्यातच अंतर्भूत करणारा हा पहिला कॅमेरा. छायाचित्र कोणत्या यंत्राने केव्हा घेतले आणि नंतर त्यात फेरफार झाला का, हे त्या सहीवरून पडताळता येते. ही सोय मोलाची आहे. ज्या भागात एखादी चित्रफीत रातोरात दोन समाजांत तेढ वाढवू शकते, तेथे तर फारच. तरी आमच्या त्या छायाचित्राचे काय? ते अस्सल आहे, त्यात एका बिंदूचाही फेरफार नाही, सही तसेच सांगेल. आणि तरीही ते त्या वृद्ध गृहस्थांविषयी एक असत्य सांगते. अस्सलपणा आणि सत्य यांच्यातले अंतर कोणतीही सही भरून काढत नाही.

मराठीच्या अभ्यासकांना हे नवे वाटू नये. याच गोदाकाठी, पैठणच्या परिसरात, चक्रधरस्वामींचा वावर होता. त्यांच्या प्रयाणानंतर म्हाइंभटांनी लीळा जमवल्या त्या ज्याने ती लीळा पाहिली-ऐकली त्याच्यापर्यंत जाऊन. पुढे मूळ पोथी हरवली, स्मरणातून पाठ पुन्हा सिद्ध झाले, आणि स्मरणे जेथे जुळली नाहीत तेथे महानुभावांनी एकच पाठ खरा ठरवून बाकीचे पुसले नाहीत. अमक्याचे स्मरण असे, तमक्याचे तसे, अशा ‘वासना’ त्यांनी लीळेसोबत नोंदवून ठेवल्या. ‘लीळाचरित्रा’च्या संहितेवर आपण आज विश्वास ठेवतो तो केवळ ती जुनी आहे म्हणून नव्हे. आपल्या चौकटीबाहेर काय होते याची खूण ती स्वतःच बाळगते, म्हणूनही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. रेंजफाइंडरमध्ये चौकटीबाहेरचे दिसते ते छायाचित्रकाराला. छायाचित्र पाहणाऱ्याच्या हाती शेवटी कापलेला तुकडाच येतो. मग या खिडकीचा उपयोग काय? शिवाय दक्ष छायाचित्रकार कोणताही कॅमेरा वापरताना दुसरा डोळा उघडा ठेवतोच. हे सारे आम्हाला मान्य आहे. खिडकी प्रामाणिकपणा देत नाही, ती फक्त अज्ञानाची सबब काढून घेते. दुसरा फलक आम्हाला दिसला नव्हता असे आम्हाला म्हणता येत नाही. तो दिसत असताना आम्ही शटर दाबले, आणि एसटीची हकीकत कळल्यावरही ते छायाचित्र वर्गात दाखवताना आधी काही सांगितले नाही. विद्यार्थ्यांची परीक्षा घेतली असे आम्ही स्वतःला समजावले. खरे तर सुंदर छायाचित्राचा मोह आवरला नाही.

म्हणून 2025 च्या ऑक्टोबरात याच कंपनीने आपल्या एम मालिकेत रेंजफाइंडर काढून त्या जागी इलेक्ट्रॉनिक दर्शक बसवलेला ईव्ही 1 आणला, तेव्हा आम्हाला थोडे वाईट वाटले. फोकस त्यात सोपा होईल, चष्मेवाल्यांची सोय होईल, झाकण राहिले तर लगेच कळेलही. पण भिंग जेवढे पाहील तेवढेच डोळा पाहील.

असा कॅमेरा विकत घ्यावा का? एम 11-पी बाजारात आला तेव्हा अमेरिकेत भिंगाविना त्याची किंमत 9,195 डॉलर होती. मराठीच्या विभागाने, किंवा मराठीच्या प्राध्यापकाने, तो विचार मनात आणू नये. त्याने शिकवलेली सवय मात्र फुकट आहे. आपल्या परीक्षांत पिढ्यान्‌पिढ्या एक प्रश्न येत आला आहे: ‘संदर्भासह स्पष्टीकरण द्या.’ मुले तो पाठ करतात, आम्ही तो यांत्रिकपणे तपासतो. आता मोबाइलवर घेतलेले छायाचित्र वर्गात आणताना त्यासोबत चार ओळी लिहून आणायच्या, असा नियम आम्ही केला आहे: चौकटीच्या डावीकडे काय होते, उजवीकडे काय होते, आणि चौकटीतल्या माणसाने स्वतः काय सांगितले. वडीगोद्रीच्या त्या छायाचित्राखाली आम्हीही आता लिहिले आहे: ‘रस्त्यापलीकडे दुसरा फलक. गृहस्थ एसटीची वाट पाहत सावलीला बसले आहेत.’ छायाचित्र त्यामुळे थोडे कमी नाट्यमय झाले, हे खरे.